सगळ्यांच्या मापाची गोष्ट

निवृत्त झालो आणि माझ्या पँटी सैल पडायला लागल्या. उभा जन्म फळ्यापुढे काढला तेव्हा पोट वाढत होतं आणि घरी बसलो तसं ते उतरलं, असा आमचा उलटा कारभार. पट्ट्याला नवीन भोक पाडायला जागा उरली नाही तेव्हा बायकोने दोन पँटी पिशवीत कोंबून पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाली, वाचनालयाला लागून आल्टरवाली बसते, तिच्याकडे जा, आणि उगाच तिला व्याकरण शिकवत बसू नका.

दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट होती. एक शिलाईमशीन, माणसाच्या उंचीचा एक आरसा, कपडे बदलायला कोपऱ्यात पडदा आणि डोक्यावर आडव्या दांडीला टांगलेले लोकांचे कपडे. बाहेर पाटी: ‘कपडे आल्टर करून मिळतील. नवीन शिवत नाही. सोमवारी बंद.’ आत पंचेचाळिशीच्या पुढची एक बाई मांडीवर पुरुषाचा बंद गळ्याचा कोट घेऊन ब्लेडने त्याची शिवण उसवत होती. तिचे ओठ हलत होते. टाके मोजत असेल, मध्येच बोललो तर आकडा चुकेल, म्हणून मी दारातच उभा राहिलो. शिवण टोकापर्यंत उसवून होईतो तिने मान वर केली नाही. मग म्हणाली, "बोला."

मोजणं चुकेल म्हणून थांबलो होतो, असं मी सांगितलं.

"मोजत नव्हते. बोलत होते."

कुणाशी, तर ज्याचा कोट होता त्याच्याशी आणि त्याच्या बायकोशी. ते जोडपं नुकतंच कोट टाकून गेलं होतं, धुण्यात कोट आटला अशी तक्रार करून. घरी जाताना वाटेत त्या दोघांचं काय बोलणं होत असेल, ते ही इथे बसून पुरं करत होती. मी आग्रह केल्यावर तिने दोन्ही बाजू ऐकवल्या. नवरा म्हणे, कापडच हलकं निघालं. बायको म्हणे, हो ना, आणि तुमची मान मात्र भारी कापडाची दिसते, फुगली केवढी, कॉलरचं बटण लागत नाही ते. मी मोठ्याने हसलो. ती हसली नाही. उठून तिने माझ्या कमरेभोवती टेप टाकली आणि विचारलं, अजून उतरणार आहात की इथेच थांबणार?

तेव्हापासून मी त्या दुकानात जाऊ लागलो. पँटी निमित्त.

तिचे कामाचे दोन नियम होते. दोन्ही तिच्या मामाचे, त्यांनीच तिला मशीनवर बसवलं होतं. पहिला नियम, कापड कापायचं नाही. सैल कपडा तंग करताना जादा कापड शिवणीच्या आत दुमडून ठेवायचं. शिंपी लोक त्याला माया म्हणतात. माणूस आज वाळतो, उद्या सुटतो, तेव्हा तेच कापड बाहेर काढता येतं. दुसरा नियम, आरशापुढे उभा असलेला माणूस चुकत नसतो. त्याला खांद्यावर टोचतंय तर टोचतंय. ट्रायलच्या वेळी ती गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचीच नाही. हातात खडू घेऊन बाजूला उभी राहायची आणि माणूस कुठे अंग चोरतो, कुठे बाही ओढतो, ते बघायची. जिथे अंग हललं तिथे खडूची खूण. लोक तोंडाने ‘छान, छान’ म्हणतात, असं ती सांगायची, खोटं बोलायला अंगाला येत नाही.

सोमवारी दुकान बंद असायचं. त्या दिवशी ती आठवडाभराची बोलणी कागदावर उतरवून काढायची. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी ती एकदा पाहिली आणि दर महिन्याला त्यातलं एखादं पान दारातल्या फलकावर लावायला सुरुवात केली. खाली नाव नसायचं. लोक पुस्तक बदलायला यायचे आणि फलकापुढे रेंगाळायचे, बहुतेक जण यात आपण तर नाही ना हे तपासायला.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच, हाडकुळा, आणि आवाज असा की दोन मजले वरून बोलतोय असं वाटावं. संध्याकाळी काम सुटलं की अवजारांची पेटी खांद्याला लावून तो आधी दुकानात यायचा. बायकोला तो इन्स्पेक्टर म्हणायचा, कारण लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिने त्याच्या सगळ्या शर्टांच्या शिवणी उलट्या करून तपासल्या होत्या. "काय इन्स्पेक्टर, जनता आज कुठे कुठे सुटली?" असं विचारत तो आत यायचा. मी स्टुलावर असलो तर म्हणायचा, "मास्तर, तुमची कंबर बघायला रोज यावं लागतं होय?" त्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं. देव, डॉक्टर, साहेब, सख्खी आई, कुणालाही त्याने सोडलं नाही. आणि कुणाला त्याचा राग आलेलाही मी पाहिला नाही.

पुढे तो आजारी पडला. फुप्फुसांचं दुखणं होतं. वर्षभर अंथरुणावर होता आणि मग गेला.

दुकान काही दिवस बंद राहिलं, मग उघडलं. मी गेलो तर सगळं जागच्या जागी होतं. ती मांडीवर कुणाचा तरी गणवेश घेऊन शिवण उसवत होती. मी स्टुलावर बसलो. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की तिचे ओठ हलत नाहीत. हात चालले होते, ब्लेड चाललं होतं, तोंड मात्र मिटलेलं. पुढचे कितीतरी महिने ते तसंच राहिलं. कशा आहात विचारलं तर ‘ठीक’. सासूबाई कशा आहेत विचारलं तर ‘ठीक’. ती आणि तिची सासू, दोघीच घरात उरल्या होत्या. मुलगी नोकरीसाठी लांबच्या शहरात होती. फलकावरचं जुनं पान उन्हाने पिवळं पडलं, तरी ग्रंथपाल बाईंनी ते काढलं नाही.

मग त्याच मागे लागल्या. एक साहित्यसंस्था होती. ती दरवर्षी एका नव्या लेखकाला वर्षभराचा खर्च देई, म्हणजे त्याने नोकरीधंदा बाजूला ठेवून फक्त लिहावं. ग्रंथपाल बाईंनी हिला अर्ज करायला सांगितलं. हिने सरळ नकार दिला. लेखक म्हणजे काय आणि मी म्हणजे काय, म्हणाली, मी दुसऱ्याच्या शिवणी उसवते.

एके दिवशी मात्र मी दुकानात बसलो असताना ती मशीन थांबवून म्हणाली, "सर, काल संध्याकाळी मला आठवेना, हे दारातून आत येताना कुठल्या सुरात बोलायचे. शब्द आठवले. सूर गेला. आज सूर गेला, उद्या शब्द जातील."

तिच्या आवाजात काही नव्हतं. बटण कमी पडलं हे सांगावं तसं तिने सांगितलं.

त्याच आठवड्यात तिने अर्ज केला. त्यात लिहिलं होतं की माझ्या नवऱ्याचं बोलणं मला कागदावर ठेवायचं आहे, ते विसरायला लागले आहे. मोठमोठ्या योजना मांडणारे बाकीचे अर्ज बाजूला ठेवून संस्थेने तिची निवड केली. बातमी कळली तेव्हा ती एका झग्याचं अस्तर लावत होती. बरं, म्हणाली, आणि अस्तर पूर्ण केलं.

वाचनालयाच्या माडीवर तिला एक खोली मिळाली. टेबल, खुर्ची, खिडकी. दुकानाला कुलूप. पहिल्या दिवशी मी डोकावलो तर ती टेबलाशी बसून दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होती. हातात काम नसताना तिला बोलणं सुचेना. दुसऱ्या दिवशी ती घरून नवऱ्याचा जुना शर्ट घेऊन आली, त्याची शिवण उसवायची, पुन्हा घालायची, आणि मध्येच शर्ट ठेवून लिहायची. शिसपेन्सिलीने लिही, चुकलं तर खोडरबराने खोडी. असे तीनचार महिने गेले. मी खालून वर्तमानपत्र वाचून जाताना जिन्यात थांबायचो. खिडकीच्या काचेत तिचं प्रतिबिंब दिसायचं. ओठ पुन्हा हलायला लागले होते.

संस्थेने तिला एक मार्गदर्शक दिले होते. कादंबरीकार होते, चष्मा कपाळावर ढकलून हळू बोलणारे सज्जन गृहस्थ. त्यांनी सांगितलं, आता हे चार जणांना वाचून दाखवा, ऐकणारा कुठे अडतो ते बघा. त्यांनी सांगितलं ते चांगलंच होतं. पण ‘वाचून दाखवा’ म्हटल्यावर हिच्या डोळ्यांपुढे काय आलं, ते त्यांना कसं कळणार? हिच्या डोळ्यांपुढे आली ट्रायल.

पहिलं गिऱ्हाईक मी. तिने मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, आपण बाजूला बसली. डाव्या हातात कागद आणि उजव्या हातात शिंप्याचा खडू. मला वाटलं सवयीने घेतला असेल. सपाट आवाजात तिने वाचायला सुरुवात केली, आणि पहिल्याच वाक्याला तिचा नवरा खोलीत आला.

मला माणसांचे चेहरे आठवत नाहीत, वाक्यं आठवतात. हजारो पोरं हाताखालून गेली, त्यातली कितीतरी मला त्यांच्या एकेका वाक्यावरून माहीत आहेत. म्हणून त्या दिवशी ऐकलेलं बरंचसं माझ्याजवळ आहे.

रोज संध्याकाळी तो घराच्या उंबऱ्यात उभा राहून आईला हाक मारायचा: "ए थेरडे, जिवंत आहेस का?" आणि आतून म्हातारी म्हणायची, "आहे तर. तुला पोचवूनच जाईन." कितीतरी वर्षं रोज संध्याकाळी हेच. यात एक दिवसाचा खंड नाही.

लांब असलेल्या मुलीने आजारपणात फोन करून विचारलं, बाबा मी येऊ का, तर तो म्हणाला, आता नको, भाडं महाग आहे, मेल्यावर ये, एका खेपेत काम होईल.

लिफ्टमध्ये कुणी बडा साहेब अडकला की तो आणि त्याचा जोडीदार बाहेर पेटीवर बसून आधी चहा प्यायचे. दाराच्या फटीतून साहेबांच्या तब्येतीची, मुलाबाळांची चौकशी करायचे. अडकलेल्या माणसाइतका नम्र माणूस जगात नाही, असं त्याचं मत. लगेच सोडवला तर तो शिकणार कधी?

शेवटी शेवटी बोलताना दम लागायचा. तरी म्हणायचा, "इन्स्पेक्टर, आमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली बघ. वरचा घेत नाही, खालचा सोडत नाही."

आणि शेवट. तो गेल्यावर त्याला घातलेला शर्ट अंगावर लोंबायला लागला, इतका तो वाळला होता. तिने शर्ट पाठीमागून दुमडून दोन टाचण्या लावल्या. टाचण्या लावून ती क्षणभर थांबली. तिने लिहिलं होतं: ‘हे म्हणतील, इन्स्पेक्टर, टोचतंय. म्हणून थांबले.’

इथे मी खुर्चीत हललो. माझी कंबर आखडली होती. तिने कागदावर खडूने रेघ मारली. मी घाईने सांगितलं, अहो, ही माझी कंबर हो, मजकुराचा काही दोष नाही. बरं, म्हणाली, आणि बोटाने खडू झटकला. ती कंबरच होती असं मी अजून म्हणतो. खात्री विचारली तर तेवढी नाही.

मग तिने एकेकाला बोलावलं. हे सगळं मला नंतर तिच्याकडून आणि त्या त्या माणसाकडून कळलं.

सासूला तिने घरीच वाचून दाखवलं. म्हातारी शेंगा सोलत ऐकत होती. उंबऱ्यावरची हाक आली तेव्हा तिचे हात थांबले. ती म्हणाली, "ते पोचवायचं काढ."

"अहो आई, ते तुम्ही रोज म्हणायचात."

"म्हणून तर."

खडूची खूण झाली. सुनेने ते वाक्य खोडलं. उत्तर काढल्यावर नुसती हाक लोंबायला लागली, म्हणून हाकही काढली. त्या जागी लिहिलं, ‘आई, आलो.’ ‘ये बाळा.’

मुलीला फोनवर वाचून दाखवलं. एका जागी पलीकडून इतका वेळ आवाज आला नाही की फोन तुटला असं हिला वाटलं. फोन तुटला नव्हता. मुलगी नंतर म्हणाली, आई, ते एका खेपेचं असू दे तुझ्याकडे, पण छापू नकोस, मी खरंच एकाच खेपेत आले गं. त्या जागी आलं, ‘पोरी, तुला जमेल तेव्हा ये.’

लिफ्टवाला जोडीदार टोपी मुरगाळत माडीवर आला. ऐकताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग डोळे पुसून म्हणाला, "वहिनी, झकास. पण तेवढा साहेब काढा. तो साहेब अजून आहे, आणि मला अजून दोन वर्षं काढायची आहेत. लिफ्टखाली नाही सापडलो एवढ्या वर्षांत, तुमच्या गोष्टीखाली सापडेन." साहेब गेला. त्याच्याबरोबर चहा गेला आणि नम्र माणसाचं मतही गेलं.

मार्गदर्शकांनी दोन मजल्यांमधली लिफ्ट काढायला सांगितली. मृत्यूपाशी वाचकाला थोडं शांत बसू द्यावं, असं त्यांचं म्हणणं. त्या जागी एक खिडकी आणि बाहेरचं झाड आलं.

यातलं कुणीही वाईट नव्हतं. प्रत्येकाला एकेकाच जागी टोचत होतं. त्याच्या बोलण्याचा स्वभावच असा होता की तो जिवंत असेपर्यंत ती थट्टा होती आणि तो गेल्यावर तीच प्रत्येकाला आपापल्या जागी लागली. आणि हिचा तर नियमच होता, आरशापुढचा माणूस चुकत नाही. ती खोडत गेली आणि जोड देत गेली. जोड इतके सफाईदार की कुठे शिवण दिसू नये.

वर्ष संपायला आलं तेव्हा मी सहज म्हणालो, पहिला खर्डा जपून ठेवला असेल ना, केव्हा तरी उपयोगी पडतो. तिने माझ्याकडे बघितलं. "पहिला कुठला? कागद तेच आहेत सर. खोडून त्याच्यावरच लिहिलं. कपड्याची काय जुनी प्रत असते?"

मी म्हणालो, पण तुम्ही तर कापड कधी कापत नाही, आत ठेवता.

तिने टेबलावरचा एक कागद उचलला. तो उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"हे लक्षात नाही आलं," ती म्हणाली.

वर्षाच्या शेवटी संस्थेचा कार्यक्रम असतो. वर्षभराचा खर्च मिळालेल्या लेखकाने आपलं लिखाण वाचायचं आणि या वर्षाने काय दिलं यावर चार शब्द बोलायचे. कार्यक्रम वाचनालयाच्याच सभागृहात झाला. सत्तरऐंशी माणसं होती, तिची बरीचशी गिऱ्हाइकंही होती. तिच्याकडून आल्टर करून घेतलेल्या कपड्यांत ती गिऱ्हाइकं बसली होती. सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या.

तिने गोष्ट वाचली. आता टाइप केलेली होती. घरी आल्यावर आईला गोड हाक मारणारा, मुलीशी समजुतीने बोलणारा, कामात चोख, आजारपणात खिडकीबाहेरचं झाड बघत निमूट पडलेला असा एक माणूस त्यात होता. मी शेवटाची वाट बघत होतो. शर्ट आला, टाचण्या आल्या. ‘टोचतंय’ आलं नाही. थांबणंही आलं नाही. टाचण्या लावल्या आणि ती बाजूला झाली, इथे गोष्ट संपली. माझ्या कमरेची खूण तिने झटकली होती, पण जागा तिच्या लक्षात राहिली होती.

म्हातारीने माझ्या कोपराला हात लावला आणि हळूच विचारलं, "सर, हा कुणाचा नवरा?"

मी म्हणालो, तुमचाच मुलगा, आई.

"छे," त्या म्हणाल्या. "हा केवढा गप्प आहे." आणि जरा वेळाने, "माणूस चांगला वाटतो."

टाळ्या झाल्या. कुणीतरी मोठ्याने ‘संयत’ म्हणालं. मार्गदर्शकांचे डोळे ओले झाले होते. मग तिला चार शब्द बोलायला सांगितलं. ती माइकपासून थोडी लांब उभी राहिली, म्हणून पुढच्या रांगांनाच नीट ऐकू गेलं.

"वर्ष चांगलं गेलं," ती म्हणाली. "खोली चांगली होती. टेबल चांगलं होतं. जे सांगितलं ते सगळ्यांनी प्रेमाने सांगितलं. ज्याचं बोलणं होतं त्याला ट्रायलला बोलावता येत नव्हतं, म्हणून बाकीच्यांना बोलावलं. तिथे चुकलं. आता काही करता येत नाही. खोलीची किल्ली मी खाली दिली आहे."

लोकांना हे नम्रतेचं बोलणं वाटलं. पुन्हा टाळ्या झाल्या. ती खाली उतरली, सासूला हात देऊन उठवलं आणि दोघी घरी गेल्या.

गोष्ट पुढे संस्थेच्या अंकात छापून आली. अंकाच्या काही प्रती तिच्या दुकानात आल्या. त्यातल्या एकीवर ती इस्त्री ठेवायची. रागाने नव्हे; जाडी बरोबर होती म्हणून.

दुकान पुन्हा सुरू झाल्यावर मी गेलो. ती काम करत होती. ओठ मिटलेले. मी म्हणालो, पुन्हा लिहून काढा, सगळं गेलेलं नाही, तुमच्या डोक्यात आहे. तिने मशीन थांबवलं नाही. म्हणाली, नाही, गोष्ट इतक्या वेळा वाचली आहे की आता डोक्यात तीच आहे. "आता मला हे तसेच आठवतात. सभ्य. दारातून येतात आणि ‘आई, आलो’ म्हणतात. कालच स्वप्नात म्हणाले."

मग मी मला आठवत होतं ते तिला सांगितलं. थेरडे, जिवंत आहेस का. तुला पोचवूनच जाईन. एक खेप. साहेबांची तब्येत. दोन मजल्यांमधली लिफ्ट. टोचतंय. वर्गात उत्तरं सांगावीत तसं एकामागून एक. आवाज माझाच, मास्तराचा. त्याला मी तरी काय करणार? तिने पाय मशीनच्या पायट्यावरून काढला होता आणि ऐकत होती, कुणी ओळखीच्या बाईच्या नवऱ्याबद्दल सांगत असावं तशी.

"असं म्हणायचे?" तिने विचारलं.

मी म्हणालो, तुम्हीच लिहिलं होतं.

"मग म्हणत असतील," ती म्हणाली, आणि मशीन चालू केलं.

यानंतरचं मला सासूबाईंनी सांगितलं. वाचनालयाच्या बाकावर त्या कधीकधी येऊन बसतात. मी हे सगळं सुनेला सांगितलं त्याच संध्याकाळची गोष्ट. सून दुकान बंद करून घरी आली. रोज ती चपला काढून सरळ मोरीकडे जाते. त्या दिवशी उंबऱ्यात उभी राहिली. पिशवी खांद्याला तशीच. आणि म्हणाली, "ए थेरडे, जिवंत आहेस का?"

लग्न होऊन आल्यापासून तिने सासूला ‘अहो आई’शिवाय हाक मारलेली नाही. म्हातारी म्हणते, चेष्टा म्हणावी तर तोंडावर हसू नाही, राग म्हणावा तर तोही नाही. दुकानात मापं वाचावीत तसं म्हणाली. सूर त्याचा नव्हता. कुणाचाच नव्हता.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? पोचवायचं तर आता म्हणता येत नाही. म्हटलं, आहे अजून. हात धू, वाढते."

आता ती रोज संध्याकाळी उंबऱ्यात थांबून तेवढंच म्हणते आणि म्हातारी तेवढंच उत्तर देते. मी विचारलं, जमतोय का सूर? म्हातारीने नाही म्हणून मान हलवली. पण हाक आली नाही तर वाट बघते, असं म्हणाली.

वाचनालयाच्या फलकावर आता वेळापत्रक लावलेलं असतं. माझी नवी पँट मागच्या आठवड्यात तिच्याकडेच टाकली. बाहेरच्या पाटीवर शेवटच्या दोन शब्दांवर कागद चिकटवला आहे. दुकान आता सोमवारीही उघडं असतं.